वाचकांचे प्रश्न : खरे बिल आणि अँटी-डम्पिंग शुल्क

प्रश्न : मी परदेशातून एक औद्योगिक रसायन आयात करतो. बिलातील किंमत खरी आहे, रक्कम बँकेमार्फतच चुकती केली आहे आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीही ती किंमत मान्य केली आहे. तरीही मालावर अँटी-डम्पिंग शुल्क आकारण्यात आले. किंमत लपवल्याचा संशय माझ्यावर आहे, असा याचा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : नाही. आपल्या प्रश्नात दोन निराळ्या बाबींची सरमिसळ झाली आहे आणि ती होणे साहजिक आहे, कारण दोन्हींचा भरणा सीमाशुल्क विभागाकडेच करावा लागतो. बिलात प्रत्यक्षापेक्षा कमी किंमत दाखवणे हा आयातदाराचा खोटेपणा असतो आणि त्याची तपासणी मूल्यांकनाच्या नियमांखाली होते. डम्पिंगच्या हिशेबात मात्र बिल पूर्णपणे खरे असू शकते. परदेशी उत्पादक स्वतःच्या देशात ज्या किमतीला माल विकतो, त्याहून कमी किमतीला तो निर्यात करू लागला, तर त्याला डम्पिंग म्हणतात. १९४७ च्या गॅट या, आयात शुल्क व व्यापाराविषयीच्या बहुराष्ट्रीय कराराच्या सहाव्या कलमात ही व्याख्या आली आणि जागतिक व्यापार संघटनेच्या करारातही तीच कायम आहे. समजा, कारखान्याच्या दाराशी असलेली किंमत मायदेशात १०० आणि निर्यातीसाठी ८० आहे. फरक २० चा झाला, पण तो निर्यात किमतीच्या प्रमाणात मोजायचा असल्याने डम्पिंगचे प्रमाण २५ टक्के ठरते. वाहतूक, उधारीची मुदत, कर, विक्रीचे प्रमाण असे सर्व फरक वजा केल्याशिवाय या दोन किमतींची तुलना करता येत नाही, आणि चौकशीतील बरेचसे वाद याच वजावटींवरून होतात.

माल स्वस्त आहे एवढ्यावरून हे शुल्क लावता येत नाही. डम्पिंग सिद्ध व्हावे लागते, आयात करणाऱ्या देशातील उद्योगाला भरीव हानी झाल्याचे किंवा होण्याचा धोका असल्याचे दिसावे लागते आणि ती हानी त्या डम्पिंगमुळेच झाली, मागणी घटल्यामुळे किंवा त्या उद्योगाच्या स्वतःच्या अकार्यक्षमतेमुळे नव्हे, हेही तपासावे लागते. डम्पिंगचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी निघाले तर चौकशी तेथेच थांबवावी लागते. एखाद्या देशातून येणारा माल त्या वस्तूच्या एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल, तर तोही सर्वसाधारणपणे नगण्य धरला जातो. मात्र असे अनेक छोटे पुरवठादार देश मिळून ७ टक्क्यांच्या वर गेले, तर ही सवलत राहत नाही.

हा निर्णय बंदरावरील अधिकारी घेत नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. युरोपीय संघात चौकशी युरोपीय आयोग करतो. अमेरिकेत डम्पिंगचे प्रमाण वाणिज्य विभाग ठरवतो आणि हानीचा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे असतो. भारतात व्यापार उपाय महासंचालनालय शिफारस करते आणि शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते. सीमाशुल्क अधिकाऱ्याने पाहायचे असते ते एवढेच की समोरचा माल अधिसूचनेत वर्णन केलेल्या वस्तूत बसतो का, तो कोणत्या देशात तयार झाला आणि कोणी तयार केला. चौकशीत सहकार्य करणाऱ्या उत्पादकाला बहुधा स्वतंत्र दर मिळतो, तर बाकीच्या सर्वांना उरलेला, पुष्कळदा बराच चढा, दर लागू होतो. म्हणून विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव पाहून न थांबता कागदपत्रांवर उत्पादकाचे नाव कसे लिहिले आहे, हे आपण आधी तपासावे. चौकशी सुरू असताना आयातदारालाही आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो, पण आमच्या पाहण्यात बहुतेक आयातदार जागे होतात ते शुल्क लागू झाल्यावर. चौकशी सामान्यतः १ वर्षात आणि कोणत्याही परिस्थितीत १८ महिन्यांत संपवणे बंधनकारक असल्याने ही मुदत काही थोडी नव्हे.

प्रश्न : तोच माल तिसऱ्या देशातून मागवला तर शुल्क टळेल का?

उत्तर : माल तेथे केवळ उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवला असेल, तर टळणार नाही, कारण वाटेतील बंदरामुळे मालाचा मूळ देश बदलत नाही. तेथे त्यावर खरोखर नवी वस्तू निर्माण होण्याइतकी प्रक्रिया झाली असेल तर गोष्ट वेगळी, परंतु नुसती जुळवणी करून किंवा वस्तूत किरकोळ बदल करून शुल्क चुकवण्याविरुद्ध अनेक देशांनी स्वतंत्र तरतुदी केल्या आहेत. जागतिक पातळीवर याबाबत एकमत झाले नाही. १९९४ मध्ये मोरोक्कोतील मराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेचा करार झाला तेव्हा हा विषय समितीकडे सोपवण्यात आला आणि करारात त्यासाठी वेगळा नियम आला नाही. मूळ देशाबद्दल खोटे प्रमाणपत्र जोडणे हा मात्र सरळसरळ गुन्हा आहे आणि तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नातील संशय खरा ठरेल.

प्रश्न : जमा झालेले शुल्क हानी सोसलेल्या उद्योगाला मिळते का, आणि ते किती काळ चालते?

उत्तर : शुल्क सरकारी तिजोरीत जाते. अमेरिकेने २००० मध्ये बर्ड दुरुस्ती नावाने ओळखला जाणारा कायदा करून ही रक्कम तक्रारदार कंपन्यांना वाटण्याची सोय केली होती. तक्रार करणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यावर शुल्कही बसवून मिळावे आणि वर त्याचे पैसेही मिळावेत, ही व्यवस्था इतर देशांना पटणे शक्यच नव्हते. भारतासह ११ सदस्यांनी तिला आव्हान दिले, २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने ती नियमबाह्य ठरवली आणि २००६ मध्ये अमेरिकेने तो कायदा रद्द केला.

मुदतीबाबत नियम असा की शुल्क हटवल्यास डम्पिंग आणि हानी पुन्हा होण्याचा संभव पुनरावलोकनात दिसला नाही, तर ते ५ वर्षांत संपावे. व्यवहारात पुनरावलोकनातून मुदत वाढत जाते आणि काही वस्तूंवर ही शुल्के दशकानुदशके राहिली आहेत. हानी भरून निघण्यास कमी दर पुरेसा असेल तर तेवढाच लावणे इष्ट आहे, असे करार सांगतो. पण ते बंधनकारक केलेले नाही, आणि तोच माल कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या उद्योगांच्या दृष्टीने ही आमच्या मते करारातील सर्वांत मोठी उणीव आहे.