परदेशी जाताना गाडी न्यावी की विकावी?

पाच-सहा महिन्यांत सहकुटुंब परदेशी स्थायिक व्हायचे ठरले आहे, घरी चार वर्षांची मोटार आणि हौसेने सांभाळलेली एक जुनी मोटरसायकल आहे, मोटारीचे कर्ज अजून फिटलेले नाही, तर ही वाहने जहाजाने न्यावीत की विकून टाकावीत, असे तुम्ही विचारले आहे. मी देश सोडला तेव्हा मोटार नेली आणि मोटरसायकल विकली. आज पुन्हा तीच वेळ आली तर मी नेमके उलटे करीन.

बहुतेक जण हिशेबाची सुरुवात जहाजाच्या भाड्यापासून करतात. मीही तेच केले आणि तिथेच चुकलो. पहिला प्रश्न हा, की त्या देशात तुमच्या गाडीची नोंदणी होईल का. अमेरिकेत २५ वर्षांहून कमी वयाची गाडी तिथल्या सुरक्षा मानकांनुसार बनलेली नसेल, तर ती कायमची नेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे. सिंगापूरचा खाक्या उलटा, तिथे हौशी जुन्या गाड्यांचे अपवाद वगळता ३ वर्षांहून जुनी मोटार आयात करूच देत नाहीत. ऑस्ट्रेलियात आयातीची परवानगी गाडी जहाजावर चढण्यापूर्वी मिळवावी लागते, आणि घरची गाडी म्हणून न्यायची तर ती परदेशात किमान १२ महिने तुमच्या मालकीची व वापरातली असावी लागते.

करमाफीचे नियम याहून वेगळे असतात आणि ते वेगळे कार्यालय पाहते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये स्थलांतरिताला आयातकर माफ होतो, पण त्यासाठी तुम्ही आधीचे १२ महिने त्या प्रदेशाबाहेर राहिलेले असावे, गाडी किमान ६ महिने तुमच्याकडे वापरात असावी आणि नेल्यानंतर १२ महिने ती विकता किंवा भाड्याने देता येत नाही. निघण्याच्या तोंडावर नवी गाडी घेऊन ती सोबत नेण्याचा बेत इथेच फसतो. शिवाय कर माफ झाला म्हणजे गाडी रस्त्यावर आणता येईल, असे मुळीच नाही.

माझ्याकडे कागद सगळे होते. अडले ते दिव्यांपाशी. डाव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशातल्या गाडीच्या मंद दिव्याचा झोत डावीकडे किंचित वर चढलेला असतो, जेणेकरून रस्त्याची कड दिसावी. तीच गाडी उजवीकडून चालवली की तो चढलेला भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तपासनिसाने माझ्या गाडीचा झोत पांढऱ्या फळ्यावर पाडला, ती चढती रेघ मला बोटाने दाखवली आणि अर्ज परत केला. त्याच नावाचे मॉडेल त्या देशातही विकले जात होते, पण त्याचे दिवे माझ्या गाडीच्या खाचेत बसेनात, म्हणून ते दुसरीकडून मागवावे लागले आणि तेवढे दिवस गाडी बंदराजवळच्या गोदामात भाडे खात उभी राहिली. ज्या मध्यस्थामार्फत मी गाडी पाठवली होती, त्याने सांगितलेला आकडा फक्त बंदरापर्यंतचा होता. उतरणावळ, सीमाशुल्काचे सोपस्कार, तपासणी, गोदाम आणि फेरबदल हे सारे त्यापुढचे. शेवटी बेरीज केली तेव्हा जहाजाचे भाडे एकूण खर्चाच्या निम्मेही नव्हते. सुकाणू चुकीच्या बाजूला असल्यामुळे पार्किंगचे तिकीट घेण्यासाठी शेजारी बसलेल्याला हात लांबवावा लागे, ही गंमत आठवडाभर टिकली. ओव्हरटेक करतानाची धास्ती मात्र कधीच गेली नाही.

तरीही मोटार न्यायचीच असेल, तर दोन मार्ग आहेत. रो-रो जहाजावर गाडी चालवत चढवतात. हे सहसा स्वस्त पडते, पण किल्ली परक्याच्या हातात जाते आणि गाडीत घरसामान ठेवू देत नाहीत. कंटेनरमध्ये ती कुलपाआड राहते. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर असते, म्हणजे एक मोटार बेताने मावते. दोन्हींत टाकी जवळपास रिकामी करावी लागते. गाडी विजेवरची असेल तर जहाज कंपनीच्या अटींबरोबरच तिथल्या चार्जिंग केंद्रांचे प्लगही तपासा, कारण सीसीएस या जलद चार्जिंगच्या प्लगचेच दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत बसत नाहीत. सागरी विमा पूर्ण संरक्षणाचा घ्यावा. २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' हे जहाज सुमारे ४,००० गाड्यांसह अटलांटिकमध्ये जळून बुडाले. जहाज वाचले तरी बिल येऊ शकते: संकटात जहाज वाचवण्यासाठी झालेला खर्च सर्व मालधन्यांकडून वाटून घेण्याची जुनी प्रथा सागरी कायद्यात आहे, आणि २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या 'एव्हर गिव्हन'च्या वेळी ती लागू झाली होती. आपला डबा सुखरूप असूनही वर्गणी भरल्याशिवाय तो सुटत नाही.

मोटरसायकलचे गणित निराळे आहे. ती खोक्यात बांधून घरसामानाच्या कंटेनरमध्येच जाते, तिला सुकाणूची बाजू नसते, दिवा एकच असल्यामुळे तो बदलणे सोपे, आणि ती पुरेशी जुनी असेल तर मघाची वयाची अट उलट तुमच्याच बाजूने झुकते. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर मात्र सावध राहा: तिथे २००३ अखेरपासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे आणि जुन्या वाहनाच्या ब्रेकमध्ये, क्लचमध्ये किंवा गॅस्केटमध्ये ते सापडू शकते. तिथे आणि न्यूझीलंडमध्ये चाकाच्या कमानीत चिकटलेला चिखल किंवा गवताचे बी दिसले, तरी तुमच्या खर्चाने धुलाई होते. निघण्यापूर्वी वाहन खालून धुऊन घ्या.

राहिली तुमची मोटार. कर्ज असेपर्यंत कर्जदात्याच्या लेखी संमतीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही आणि ती संमती सहसा मिळत नाही, त्यामुळे कर्ज फेडावे लागेलच. मग फेडून विकणे बरे. कर्जदात्याकडून थकबाकीचे पत्र घ्या आणि खरेदीदाराला ती रक्कम थेट तिथे भरायला सांगा. महिना-दीड महिना आधी विक्री सुरू करा, शेवटचे काही दिवस भाड्याच्या गाडीवर काढा, आणि विमानाची तारीख गिऱ्हाइकाला सांगू नका; ती कळली की भाव रोज उतरतो. नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाल्याशिवाय निघू नका, नाहीतर त्याने केलेल्या अपघाताची नोटीस तुमच्या नावाने येईल.

विमा बंद करताना, इतकी वर्षे दावा केला नाही असे पत्र विमा कंपनीकडून इंग्रजीत मागून घ्या, कारण अनेक ठिकाणी त्यावर नवा हप्ता कमी होतो. ते हातातल्या पिशवीत ठेवा. मोटार गोदामात अडकल्यामुळे मला तिथे एक जुनी गाडी घ्यावी लागली, तेव्हा माझे पत्र सामानाच्या पेटीत आणि पेटी समुद्रावर होती. वीस वर्षे गाडी चालवूनही पहिले वर्षभर मी नवशिक्याचा हप्ता भरला.