मुलगा रात्रभर फोन जोडत बसतो, यात करिअर होईल का?

प्रश्न : मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली मुलं ॲप बनवतात, एआयचे कोर्स करतात. हा मात्र जुन्या लॅपटॉपवर ‘ॲस्टरिस्क’ नावाचं काहीतरी चढवून घरातले फोन एकमेकांना जोडत बसतो. घरातल्या घरात फोन छान लागतो. मी बाहेरून लावला की त्याचा आवाज मला येतो, माझा त्याला जात नाही. त्यापायी तीन रात्री जागलाय. त्याचे मामा म्हणतात, “एवढं शिकून टेलिफोन ऑपरेटर होणार का?” यात पुढे काही आहे, की वेळीच आवरू? – एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आवरू नका. फक्त झोपेचं बघा.

मामांची थट्टा मलाही लागू पडते. या मार्गदर्शनाच्या कामाकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका कंपनीत फोनचे सर्व्हरच सांभाळत होतो. तेव्हा थोडं आतल्या माणसासारखं लिहितो.

मुलगा ज्याच्याशी झटतोय, ते ॲस्टरिस्क म्हणजे साध्या संगणकालाच फोनचं एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर. ते १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणानं लिहायला घेतलं. तेव्हा तो ऑबर्न विद्यापीठात शिकत होता आणि लिनक्स ही खुली संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना मदत देणारी छोटी कंपनी चालवत होता. कंपनीला फोनचं एक्स्चेंज हवं होतं, तयार विकत घेणं परवडेना. म्हणून स्वतःच लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. “एक दाबा, दोन दाबा” हा मेनू, रांगेत ताटकळवणारं संगीत, निरोप टिपून ठेवणं ही कामं आज असंख्य ठिकाणी असलीच सॉफ्टवेअर करतात.

आता त्या तीन रात्रींबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतंय. इंटरनेटवरच्या फोनचे दोन भाग असतात. कोण कोणाला बोलावतंय, घंटा वाजली का, उचलला का, ही बोलणी सिप नावाच्या प्रोटोकॉलनं, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, होतात. प्रत्यक्ष आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलनं वेगळ्या वाटेनं जातो. नेहमीच्या जी.७११ कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत, एका बाजूचा आवाज सेकंदाला साधारण ५० पॅकेटं, म्हणजे छोटे तुकडे, करून धाडला जातो. फोन उचलताना दोन्ही बाजू एकमेकींना सांगतात, “माझा आवाज ऐकायचा पत्ता हा.” घरातल्या सर्व्हरला स्वतःचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा, राउटरनं दिलेला, तेवढाच ठाऊक असतो. बाहेर गेलेल्या तुमच्या फोनला तो तोच पत्ता सांगत असेल, तर तुमचा आवाज अशा पत्त्यावर निघतो जो त्या घराबाहेर कुणालाच सापडत नाही. राउटरवर आवाजाची पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, उघडलेली नसली तरी हेच होतं. घंटा वाजते, फोन उचलला जातो, आणि निम्मं संभाषण हवेत विरतं. या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला हा ‘वन-वे ऑडिओ’ एकदा तरी छळतोच. मला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी हेडफोन बदलून पाहिले होते!

यात नोकऱ्या आहेत, पण जाहिरातीत रोज दिसतील अशा नाहीत. व्हीओआयपी (इंटरनेटवरून फोन) इंजिनिअर, व्हॉइस इंजिनिअर अशा नावांनी निघतात. कॉल सेंटरला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या, इंटरनेटवरून फोनची सेवा भाड्यानं देणारे क्लाउड टेलिफोनीवाले, दूरसंचार कंपन्या, ब्राउझरमधून कॉलची सोय देणारे, हे नोकरी देणारे. जागा कमी आणि येणारेही कमी. एआयच्या कोर्सला मी नाव ठेवत नाही; पण फोनवर बोलणारा बॉटसुद्धा आधी फोनपर्यंत पोचावा लागतो, आणि पुष्कळदा तो या सिपच्याच वाटेनं पोचतो. जाचही सांगून ठेवतो. वेबसाइट दोन मिनिटं अडखळली तर लोक पुन्हा उघडतात. फोन बंद पडला की सगळे आरडाओरडा करतात. रात्री-अपरात्री उठावं लागतं.

त्यानं आता काय करावं? ॲस्टरिस्कच्या सेटिंग्ज पाठ करू नयेत. सिपचा मुख्य दस्तऐवज, २००२ चा आरएफसी ३२६१, हाताशी ठेवावा. २६९ पानं आहेत, सलग वाचायची नाहीत. कॉलचं बोलावणं देणारा ‘इन्व्हाइट’ हा संदेश निघाल्यापासून कॉल संपवणारा ‘बाय’ येईपर्यंत काय होतं तेवढं आधी वाचावं आणि शेजारी स्वतःच्या सर्व्हरवरचे संदेश एसएनग्रेप किंवा वायरशार्क या संदेश दाखवणाऱ्या साधनांत उघडून ताडून पाहावेत. ही नजर बसली की सॉफ्टवेअर कुठलंही असो. मग कामाइलिओ हे सिपचं दुसरं सॉफ्टवेअर बघावं. ते आवाजाला हात लावत नाही, फक्त कॉलचे संदेश योग्य दिशेला वळवतं, म्हणून प्रचंड भार पेलतं. ॲस्टरिस्क आणि कामाइलिओ यांची कामं वेगळी का, हे ज्याला नीट सांगता येतं तो मुलाखतीत उठून दिसतो. हे मी समोर बसून पाहिलंय.

निरोपांच्या, म्हणजे चॅटच्या बाजूलाही एकदा डोकवावं. तिथे एक्सएमपीपी हा खुला प्रोटोकॉल आणि त्यावरचा ईजॅबरडी हा सर्व्हर. तो एर्लांग भाषेत लिहिलाय, आणि ही भाषा एरिक्सन कंपनीत टेलिफोनच्या यंत्रणांसाठीच जन्मली. व्हॉट्सॲपनं सुरुवातीला हाच ईजॅबरडी घेऊन, भरपूर बदलून वापरला. मामांना हे जरूर सांगा.

एका बाबतीत मात्र आजच कान धरा. सर्व्हर बाहेरून पोचेल असा उघडा ठेवलाय, म्हणजे सिपच्या नेहमीच्या ५०६० क्रमांकाच्या पोर्टवर जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम पासवर्डचे अंदाज बांधत बसले असणारच. आमच्याकडे एका एक्स्टेन्शनचा क्रमांक १००१ होता आणि पासवर्डही १००१. सोमवारी सकाळी येऊन पाहतो तो शनिवार-रविवारभर परदेशी महागड्या नंबरांवर कॉल गेलेले. पासवर्ड मीच ठेवला होता. बिल पाहून साहेब काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मुलाचा सर्व्हर बाहेरच्या फोन नेटवर्कला जोडलेला नसेल तर पैशांचा धोका नाही, तरीही लांब पासवर्ड आणि नको ते संदेश अडवणारी फायरवॉल आत्तापासून हवीच. पुढे तो कधी फोन नेटवर्कला जोडायचा झाला, तर आपल्या देशाचे दूरसंचाराचे नियम आधी वाचायचे. सगळीकडे ते सारखे नसतात.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयातला घ्यायला हरकत नाही. नोकरीच्या अर्जात ‘ॲस्टरिस्क येतं’ एवढंच लिहिण्यापेक्षा, अमुक बिघाड कसा शोधला याचं एक पान, संदेशांच्या नोंदींसकट, जोडावं. त्या एकतर्फी आवाजापासूनच सुरुवात करता येईल. कुठे बघायचं ते मी वर सांगितलंच आहे. कुठली सेटिंग बदलायची ते मुद्दाम लिहीत नाही. ती त्याला सापडली की तुम्ही बाहेर जाऊन फोन लावा, आणि तुमचा आवाज पोचला का, ते त्यालाच मला लिहायला सांगा.