पोरांना जुना पूल शिकवायचा कसा?

प्रश्न : सर, मी कोकणात डिप्लोमा सिव्हिलला शिकवते. नवीन स्लॅबचं डिझाइन पोरं पटापट करतात पण जुन्या बांधकामांचा टॉपिक आला की जांभया सुरू. सावित्री नदीवरच्या पडलेल्या पुलाचे फोटो दाखवते, तेवढ्यापुरती हळहळतात नि विसरतात. लॅबमध्ये महागडी मशीन्स नाहीत. काय करू?

उत्तर : मॅडम, आधी ते फोटो बंद करा. महाडचा तो दगडी पूल १९२८चा, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, एसट्या वाहून गेल्या, ते बघून पोरं एवढंच शिकतात की पूल म्हातारा होता म्हणून पडला. वयाचं काय घेऊन बसलात, पाण्याने पायाखालचं किती खरवडलं हे वरून गाडी नेणाऱ्याला दिसतच नाही, ते खाली उतरूनच बघावं लागतं.

मशीन नाही म्हणता, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये फिनॉल्फथॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं द्रावण) आहे ना? (सांगून घ्या, नाहीतर भांडण.) कुठेतरी जुना स्लॅब पाडला असेल तिथून एक ढेकूळ आणा, ताजं फोडा, धूळ झटका नि फवारा. आतला भाग गुलाबी होतो, बाहेरची कड तशीच राहते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून तिथला पीएच १२-१३ वरून ९च्या खाली आलेला असतो. ती कड पट्टीने मोजायला लावा आणि विचारा, सळईचं कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, किती होतं? कड सळईपर्यंत पोचली की गंज धरणार, गंज फुगतो, पोपडे पडतात... हे स्वतः मोजलेलं पोरगं विसरत नाही, माझा अनुभव आहे.

मग गावातली एखादी मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल, घ्या. दोन-दोन पोरांच्या जोड्या, प्रत्येकीचा वेगळा रिपोर्ट, एकमेकांचं बघायचं नाही. भेग कुठे, किती लांब, किती रुंद, ओल कुठे, पिचिंगचे (माती धुपू नये म्हणून बसवलेले) दगड निघालेत का. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट अदलाबदल करून त्याच भेगा शोधायला पाठवा, सापडल्या नाहीत तर रिपोर्ट नापास! मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ला कोसळला, त्याआधी त्याचं ऑडिट (मजबुतीची तपासणी) झालं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्तीच सांगितली होती, हे त्याच दिवशी वर्गात सांगा, आधी नको.

पहिल्या खेपेला निम्मी पोरं 'एकंदर स्थिती समाधानकारक' लिहितील बघा. त्या शब्दाला वर्गात बंदी. आणि मोरीचं काम मेपर्यंत उरका, पावसात पोरांना खाली उतरवू नका.