आधी कॅप्सूल बघा, मग मशीन

या महिन्यात मिक्सर-गीझरची पत्रं मागे पडली आणि कॅप्सूलवाल्या कॉफी मशीनची पुढे आली. कॅप्सूल म्हणजे कॉफीची पूड भरलेली छोटी बंद डबी, ती मशीनमध्ये घातली की गरम पाणी दाबाने तिच्यातून जातं आणि कपात कॉफी पडते. सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानातही ही मशिनं आता येऊ लागली आहेत. जे हाताखालून गेलं आहे, त्याच्याच आधाराने उत्तरं देतो.

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरीला. मिसेसचं शिक्षण बंगळूरला झालं, तिला सकाळची कॉफी चांगलीच लागते. ऑनलाइन बरीच मशिनं दिसतात, पण एकाची कॅप्सूल दुसऱ्याला बसत नाही म्हणे. कुठलं घ्यावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: बसत नाही, हे खरं आहे. म्हणूनच मशीनचा रंग, आकार, सूट हे सगळं नंतर. मशीन एकदा घ्याल, कॅप्सूल दर महिन्याला घ्यावी लागेल.

ही पद्धत मूळची स्वित्झर्लंडची. नेस्ले कंपनीतले इंजिनिअर एरिक फाव्र यांनी ती बसवली, १९७६ मध्ये तिचं पेटंट झालं आणि १९८६ मध्ये नेस्प्रेसो नावाने ती बाजारात आली. त्या जुन्या घडणीला आता ‘ओरिजिनल’ म्हणतात. छोटी कॅप्सूल, तिच्यात साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी, आणि पंप १९ बार दाबाचा. मूळ पेटंटची मुदत संपली तशा दुसऱ्या कंपन्याही त्याच मापाच्या कॅप्सूल करू लागल्या. आपल्या देशातल्या कंपन्याही करतात, कर्नाटकातली कॉफी भरून. दुसरी घडण ‘व्हर्टुओ’, २०१४ ची. तिची कॅप्सूल घुमटासारखी, कडेला बारकोड. मशीन तो वाचतं आणि कॅप्सूल मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत गरगर फिरवून कॉफी काढतं. कॉफी चांगली येते, मोठा मग भरतो, पण कॅप्सूलसाठी जवळजवळ एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. तिसरी ‘डोल्चे गुस्तो’, २००६ ची. तिच्या दुधाच्या कॅप्सूलमध्ये दुधाची पावडर असते आणि एका कपुचिनोला दोन कॅप्सूल लागतात. घरात रोज म्हशीचं ताजं दूध येत असताना पावडरीचे पैसे का मोजायचे, हे मला पटत नाही.

तुम्हाला माझा सल्ला ओरिजिनल मापाच्या मशीनचा. एका कंपनीने भाव वाढवला किंवा माल बंद केला तरी दुसरीची कॅप्सूल चालते. मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी एक करा: तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल निवडा, आपला सोलापूरचा पिनकोड टाका आणि किती दिवसांत येतात ते बघा. पुण्याला दुसऱ्या दिवशी मिळणारी वस्तू इथे आठवड्याने येते, असं होतं. जी वेळेवर येते, तिच्या मापाचं मशीन घ्या.

मग हिशेब. पाकिटात बहुतेक वेळा १० कॅप्सूल असतात, किमतीला १० ने भागा. कॅप्सूल ४५ रुपयांना पडली असं धरा. दोघांचे दिवसाला चार कप म्हणजे १८० रुपये, महिन्याला ५४००. उलट फिल्टर कॉफीची पूड ८०० रुपये किलो धरली आणि कपाला १० ग्रॅम घेतली, तर कप ८ रुपयांत होतो, दूध-साखर दोन्हीकडे सारखीच. हा आकडा दोघांनी समोरासमोर बसून एकदा बघावा, कारण तीन-चार महिन्यांत कपाटावर गेलेली मशिनं मी बघतो, ती बिघडलेली नसतात. सकाळी एकेक कप मशीनचा आणि संध्याकाळी फिल्टरचा, असं ठरवलंत तर कॅप्सूलचा खर्च निम्म्यावर येईल.

मशीन घेताना पाण्याची टाकी लिटरभराच्या आसपासची बघा, अगदी लहान टाकी सारखी भरावी लागते. दुधाची सोय मशीनमध्येच असलेलं महागडं मॉडेल घेऊ नका, दुधाच्या नळ्या रोज धुवाव्या लागतात आणि बिघाड तिथेच आधी होतो. दुधाला फेस आणणारं वेगळं भांडं, म्हणजे फ्रॉदर, घ्या. मशीन १२०० ते १५०० वॅटचं असतं, तेव्हा ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट असू द्या. फ्रिज आणि मिक्सर ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत त्याच्यावर हे लावू नका. घरच्या नेहमीच्या इन्व्हर्टरवरही ते चालणार नाही.

प्रश्न: आम्ही घरात सातजण. माझ्या सासूबाईंपासून पितळी फिल्टरची कॉफी चालत आली आहे. आता सूनबाई कॅप्सूलचं मशीन घ्या म्हणते. सगळ्यांचं आणि आल्यागेल्याचं त्यावर भागेल का?
— एक गृहिणी, साखर पेठ

उत्तर: मावशी, सातजणांचं भागणार नाही. मशीन तापायला अर्धा मिनिट, एका कपाला जवळपास तेवढाच वेळ, मग कॅप्सूल पाडा, दुसरी घाला, दूध गरम करा. सातवा कप भरेपर्यंत पहिला गार झालेला असतो, आणि वापरलेल्या कॅप्सूलचा डबा मधेच काढून रिकामा करावा लागतो. पाहुण्यांसमोर ही धावपळ नको. तुमचा फिल्टर एका वेळी सगळ्यांचं डिकॉक्शन काढून ठेवतो. त्याला हलवू नका.

पण सूनबाईंचं म्हणणं मोडूही नका. त्या सकाळी लवकर कामावर निघत असतील, किंवा रात्री उशिरा एकट्याच अभ्यासाला बसत असतील, तर एका कपासाठी फिल्टर लावणं होत नाही. एकटीच्या कपाला हे मशीन फार चांगलं. घरात दोन्ही असू द्या.

चवीचं मात्र आधीच सांगतो. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी (एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड) असते, तिचाच तो गडद रंग आणि जाडपणा. कॅप्सूलमध्ये सहसा नुसती कॉफी असते, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांना ती वेगळी लागणार. त्यातून एस्प्रेसो, म्हणजे मशीनची बिनदुधाची कडक कॉफी, फक्त ४० मिलिलिटर निघतो आणि आपण त्यावर म्हशीचं घट्ट दूध ओततो, मग कॉफी कुठे गेली कळत नाही. दुधासाठी पाकिटावर तीव्रतेचा आकडा ८ च्या पुढचा असलेली कॅप्सूल घ्या आणि दूध १०० मिलिलिटरच्या वर नेऊ नका. हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या मापाने देते. तो कडूपणाचा आणि भाजणीचा असतो, त्यावरून कॅफीन किती ते कळत नाही. तुमच्या घरात कुणाला बीपी असेल आणि डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली असेल, तर डिकॅफ (कॅफीन काढलेली) लिहिलेली कॅप्सूल वेगळी मिळते.

साखर कपात आधी घाला, तिच्यावर एस्प्रेसो पडू द्या, ढवळा, मग दूध. फ्रॉदरमध्ये दूध फ्रिजमधलं गारच घाला, फेस चांगला धरतो. त्यात साखर घालू नका, तळाला लागते. काम झालं की लगेच फ्रॉदर आतून पाण्याने विसळा, दुधाची साय वाळली की घासून निघत नाही आणि घासलं तर आतला थर जातो.

प्रश्न: मशीनला वर्ष झालं. आधी छान धार यायची, आता थेंब थेंब येते, कॉफी कोमट आणि कपही पूर्ण भरत नाही. ज्या दुकानातून घेतलं तिथे पंप गेला म्हणाले आणि मोठा खर्च सांगितला. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून टाकीत बोअरचं घालतो. पंपच गेला असेल का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर: काका, पंप बदलायची घाई करू नका. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्यच बहुतेक दुखण्याचं मूळ आहे.

मागच्या आठवड्यात याच तक्रारीचं एक मशीन उघडलं. टाकीखालची रबरी नळी सोडवली, पंपाला बाहेरून वीज दिली, तो ठणठणीत चालत होता. मग पाणी तापवणारा ठोकळा काढला. आत पाणी शिरतं ते भोक पेन्सिलीच्या शिशाएवढं, आणि त्याच्या कडेने पिवळट पांढरा थर चढून मधे सुई जाईल एवढीच वाट उरलेली. टाचणीने खरवडला तसा कुरकुरीत पापुद्रा सुटला. तो बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळलं तर फसफसायला लागला. म्हणजे तो खडूच्या जातीचा क्षार, कॅल्शियम कार्बोनेट. आपला भाग काळ्या बसाल्टचा, बोअरचं पाणी त्यातून झिरपत येतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून आणतं. गार असताना ते पाण्यात दिसत नाही, तापलं की भिंतीला बसतं. तुमच्या गीझरच्या कॉइलवरही हेच असतं. या मशीनमध्ये वाटा इतक्या अरुंद की वर्षात गळा आवळला जातो. थर उष्णता अडवतो म्हणून कॉफी कोमट येते, वाट अडते म्हणून कमी येते. पंप जोर लावून घरघरतो, आणि तो आवाज ऐकून पंप गेला असं वाटतं.

तेव्हा आधी डिस्केलिंग करा, म्हणजे हा क्षार विरघळवून काढा. कंपनीचं द्रावण मिळतं, वॉरंटी असेपर्यंत तेच वापरा. आधी कॅप्सूल काढून घ्या. टाकीत द्रावण आणि त्याच्या लेबलवर सांगितलं तेवढं पाणी घाला. नळीखाली लिटरभर मावेल असं पातेलं ठेवा. कुठली बटणं किती वेळ दाबायची ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, पुस्तिकेत बघा. सगळं पाणी आरपार जाऊ द्या, पातेल्यात जमलेलं गाळून परत टाकीत घाला आणि एकदा फिरवा. तुमच्या मशीनला पहिल्या खेपेत धार सुधारणार नाही कदाचित. अर्धा तास थांबून नव्या द्रावणाने पुन्हा करा. शेवटी स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या आरपार सोडा, म्हणजे आंबट चव राहत नाही. व्हिनेगर मात्र घालू नका. पुष्कळ जण सांगतात, पण त्याने आतल्या रबरी रिंगा खराब होतात आणि वास दिवसेंदिवस जात नाही.

दोनदा करूनही फरक पडला नाही, तर ज्या माणसाकडे न्याल त्याला तुमच्यासमोर उघडायला सांगा. पंप खरंच गेला असेल तर तो वेगळा काढून वीज देऊन दाखवता येतो. दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढे टाकीत आरओचं पाणी घाला, नळाचं उकळून गार केलेलंही बोअरपेक्षा बरं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी नको, कॉफी बेचव लागते. डिस्केलिंगचा दिवा लागायची वाट बघू नका, बऱ्याच मशीनना पाणी किती जड आहे ते कळत नाही, ती फक्त कप मोजतात. आरओचं पाणी असेल तर तीन-चार महिन्यांनी, बोअरचंच घालावं लागत असेल तर दीड महिन्याने करा.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय, येताना तिथलं मशीन आणतो म्हणतो. चालेल ना?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर: आणू देऊ नका. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. तिथलं मशीन सरळ आपल्या प्लगला लावलं तर हीटरला साडेतीन पटींहून जास्त वीज जाते, आणि ते पहिल्याच मिनिटाला जळतं. प्लगचा अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर किमान २००० व्हीएचा जड डबा ओट्यावर ठेवावा लागेल, आणि तरीही तिथल्या ६० हर्ट्झवर चालणारा पंप आपल्या ५० हर्ट्झवर मंद चालेल. त्यापेक्षा त्याला कॅप्सूल आणायला सांगा, पण इथल्या मशीनच्या मापाच्या. दुबईहून कुणी येणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथली वीज आपल्यासारखीच आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. वॉरंटी मात्र इथे मिळेलच असं नाही.

प्रश्न: रोजच्या कॅप्सूलचा कचरा मनाला लागतो. स्टीलची पुन्हा भरायची कॅप्सूल मिळते, तीत आपली फिल्टरची पूड भरली तर?
— एक शिक्षिका, सात रस्ता

उत्तर: ताई, मनाला लागतं ते योग्यच आहे. एका कपामागे ग्रॅमभर अॅल्युमिनियम जातं. ते पुन्हा वितळवून वापरता येतं आणि नवं करण्यापेक्षा फार थोड्या ऊर्जेत होतं, पण आत कॉफी तशीच ठेवून घंटागाडीत टाकलं तर कुणी वेगळं करत बसत नाही. मागची पातळ चकती चाकूने कापा, चोथा कुंडीच्या मातीत मिसळा, टोपी धुऊन पिशवीत साठवा आणि इतर अॅल्युमिनियमच्या भंगाराबरोबर द्या. प्लास्टिकच्या कॅप्सूलचं असं काही करता येत नाही, म्हणून घेतानाच अॅल्युमिनियमची बघून घ्या.

स्टीलची कॅप्सूल चालते, पण चिकोरीची पूड तिच्यात घालू नका. चिकोरी पाणी लागलं की चिकट होते, बारीक जाळी बंद करते आणि पाणी कडेने फुटतं. चिकोरी नसलेली, एस्प्रेसोसाठी दळलेली पूड आणा. काठोकाठ भरू नका, चमच्याच्या पाठीने हलकी दाबा, कडेवरचे कण पुसा आणि मग झाकण लावा. कडेवर कण राहिले तर रबरी रिंग चिरते. फेस विकतच्या कॅप्सूलएवढा येणार नाही, चव मात्र तुम्ही पूड कुठली आणता त्यावर आहे.

प्रश्न: उन्हाळ्यात आम्ही दोन महिने लेकीकडे पुण्याला जातो. मशीन तसंच ठेवलं तर चालेल का?
— एक आजोबा, अशोक चौक

उत्तर: पाणी आत ठेवून जाऊ नका. आधी कॅप्सूल पाडून तिचा डबा धुवा, ओल्या चोथ्याला चार दिवसांत बुरशी येते. मग टाकी काढून घ्या आणि पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने आतलं पाणी वाफेसकट बाहेर सोडा. टाकी आणि खालचा ट्रे पुसून उपडे ठेवा, प्लग काढा. उरलेल्या कॅप्सूल गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. परत आल्यावर टाकी ताज्या पाण्याने भरून दोन-तीन कप नुसतं पाणी सोडा. पंप घरघरला आणि पाणी आलं नाही तर घाबरू नका, आत हवा अडकलेली असते. टाकी नीट दाबून बसवा, मोठ्या कपाचं बटण दाबा, दुसऱ्या-तिसऱ्यांदा धार सुरू होते.