जास्वंदीच्या शिरा कुठे जातात? आणि वाचकांचे इतर प्रश्न

पाऊस उघडीप देऊ लागला की बेळगाव-खानापूरकडे बांधांवर तेरडा फुलतो, कुंपणावर गोकर्ण चढते आणि गौरी-गणपतीच्या सुमारास दारातल्या जास्वंदीला उसंत मिळत नाही. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच फुलांचे फोटो मोबाईलवर किंवा घरातल्या जुन्या कॅमेऱ्यावर काढताना पडलेले आहेत. नवा कॅमेरा घ्यावा का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. खाली सांगितलेलं आठ दिवस करून बघा, मग ठरवा.

प्रश्न : दारातल्या लाल जास्वंदीचा फोटो काढला की पाकळ्यांच्या जागी नुसता लाल डाग दिसतो. डोळ्यांना शिरा, सुरकुत्या सगळं दिसतं, फोटोत काहीच नाही. मोबाईल चांगला आहे. मग चुकतं कुठे? (वाचिका, अनगोळ)

उत्तर : चूक उजेडाच्या हिशोबात आहे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत नोंदला जातो आणि नेहमीच्या फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये बसवावा लागतो. जास्वंदीच्या पाकळीत लाल आकडा भराभर वर चढतो, बाकीचे दोन तळाशीच राहतात. मोबाईल मात्र सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. आजूबाजूची पानं गडद हिरवी असली की त्याला फोटो अंधारा वाटतो आणि तो उजेड वाढवतो. लाल आकडा २५५ ला जाऊन टेकला की शिरेवरही २५५ आणि शिरेच्या शेजारीही २५५. दोन्हींत फरकच उरला नाही, तर शीर दिसणार कशी?

म्हणून स्क्रीनवर पानावर नाही, पाकळीवरच बोट ठेवा. दोनेक सेकंद दाबून धरलं की बहुतेक मोबाईलमध्ये फोकस आणि उजेड जागच्या जागी अडकून राहतात. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती शिरा दिसू लागेपर्यंत खाली ओढा. पानं काळसर झाली तरी चालेल. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १ ठेवा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा आलेख वेगळा उघडून बघा. तो उजव्या भिंतीला चिकटला असेल तर आणखी कमी करा. एकत्रित पांढऱ्या आलेखावर विसंबू नका, तो बरा दिसत असतानाही लाल जळालेला असतो. एकदा जळालेला रंग मोबाईलच्या नेहमीच्या फोटोत नंतर एडिटिंग करून परत येत नाही. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, असेल तर थोडीफार सवलत मिळते. रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोड बंदच ठेवलेला बरा.

जास्वंद शक्यतो सकाळी, सावलीत किंवा ढगाळ उजेडात टिपा. साधी जास्वंद एकाच दिवसाची असते, संध्याकाळपर्यंत मिटू लागते. आणि फोकस पाकळीवर ठेवण्यापेक्षा पुढे आलेल्या दांड्याच्या टोकावर ठेवा. तिथे मखमली लाल गुंड्यांसारखी पाच टोकं असतात आणि त्यांच्या खाली पिवळ्या परागांची बारीक दाटी. ती पाच टोकं रेखीव आली की मागची पाकळी थोडी धूसर असली तरी फूल जिवंत वाटतं.

मोगरा, तगर, अनंत या पांढऱ्या फुलांचा हिशोब थोडा वेगळा. गर्द पानांत एकच पांढरं फूल असेल तर उजेड कमी करा. पण सगळी चौकट पांढऱ्यानेच भरली तर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो, तिथे उलट अधिक ०.७ द्यावं लागतं.

प्रश्न : जवळ गेलं की मोबाईलवर फूल धूसर येतं. मॅक्रो मोड लावला तर आणखीच वाईट. त्यात आमच्याकडे माळावर वारं थांबतच नाही बघा. (वाचक, निपाणी)

उत्तर : बहुतेक मोबाईलच्या मुख्य लेन्सला १०-१५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं नीट पकडता येत नाही. काही नव्या फोनना त्याहूनही लांब राहावं लागतं. तुम्ही आणखी जवळ गेलात की फोन गुपचूप रुंद कोनाच्या लेन्सवर जातो. मग फुलामागची पाण्याची टाकी, तारा, शेजारची भिंत, सगळं चौकटीत घुसतं. स्वस्त फोनमधली वेगळी मॅक्रो लेन्स बहुधा २ मेगापिक्सेलची असते, म्हणजे साधारण १६०० बाय १२०० ठिपके. चांगल्या प्रतीचा छापील फोटो त्यातून पाच बाय चार इंचांच्या वर जात नाही.

तेव्हा उलट करा. हातभर मागे या आणि २एक्स किंवा ३एक्सवर जा. फूल तेवढंच मोठं दिसेल, मागचा पसारा कमी होईल आणि तुमची सावलीही फुलावर पडणार नाही. मागची भिंत फुलापासून निदान एक-दीड मीटर दूर राहील अशी जागा निवडा. नाहीच मिळाली तर घरातलं गडद, बिनचमकीचं कापड कुणालातरी मागे धरायला सांगा.

वाऱ्यासाठी पहिला उपाय वेळेचा. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत वारा बहुधा पडलेला असतो, ऊन चढलं की सुटतो. दुसरा उपाय म्हणजे बांबूची काडी फुलाशेजारी मातीत रोवायची आणि कपड्याच्या चिमट्याने देठ तिला सैल अडकवायचा. चिमटा फुलाच्या खाली, चौकटीबाहेर राहील असा. कोवळा देठ चिरडू नये म्हणून चिमट्याच्या तोंडाला कापडाची चिंधी गुंडाळा. तिसरा उपाय शटरचा. १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा आणि एका दमात आठ-दहा फोटो घ्या. हलणारं फूल झोक्यासारखं असतं, दोन्ही टोकांना क्षणभर थांबतं आणि मधून जाताना सगळ्यात वेगात असतं. बटण टोकाशी दाबायची सवय झाली की दहातले तीन-चार फोटो हाती लागतात.

प्रश्न : ५० मिमीच्या लेन्सला लावायला १२, २० आणि ३६ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब घेतल्या. फुलाचा एक धागा स्पष्ट येतो, बाकी सगळं धुकं. फुलपाखरं तर जवळ गेलं की उडून जातात. (वाचक, खानापूर)

उत्तर : ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या, ठीक आहेत. अपेक्षा थोडी बदलावी लागेल. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबवर, असताना ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लांबीने भागलं की सेन्सरवर फूल खऱ्या आकाराच्या किती पट उमटेल ते कळतं. ३६ भागिले ५० म्हणजे ०.७२ पट. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ११ इतकं लहान ठेवूनही तिथे स्पष्टतेची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर मिळते. एफ २२ वर नेलंत तर जाडी वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून तो पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. एफ ८ ते एफ ११ पुरे.

त्या दीड मिलिमीटरचा उपयोग मात्र नीट करून घ्यायचा. तेरड्याची पाकळी, पानावरचा कीटक असं जे टिपायचं ते कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर येईल असे उभे राहा. फोकस रिंग फिरवत बसू नका. ती एका जागी ठेवून स्वतःच केसभर पुढे-मागे व्हा. वारा अजिबात नसेल आणि ट्रायपॉड असेल तर फोकस थोडा थोडा पुढे सरकवत आठ-दहा फोटो घ्या आणि संगणकावर एकावर एक जुळवा. ज्या स्वस्त ट्यूबमध्ये पितळी संपर्कबिंदू नसतात, त्यांच्यावर आजकालच्या बऱ्याच लेन्सचं अपर्चर बदलताच येत नाही. ते पूर्ण उघडंच राहतं. तुमच्या फोटोतलं ‘धुकं’ त्यामुळेही असू शकेल. आधी ते तपासा.

फुलपाखरांचं म्हणाल तर ३६ च्या ट्यूबवर लेन्सचं तोंड फुलापासून १० सेंटिमीटरच्या आसपास जातं. एवढ्या जवळ कोण बसू देईल? फुलपाखरांसाठी ट्यूब काढून ठेवा. ५५-२५० सारखी झूम लेन्स असेल तर तिच्यावर +२ ची क्लोज-अप लेन्स लावा. ती फिल्टरसारखी पुढे फिरवून बसवायची. तिच्या व्यासाचं माप झूम लेन्सच्या तोंडावर किंवा झाकणाच्या आत गोलावर तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढे लिहिलेलं असतं. +२ म्हणजे अर्धा मीटर अंतर आणि २५० मिमीवर जवळपास अर्धी पट, म्हणजे साडेचार सेंटिमीटर रुंदीची चौकट. त्यात पंख मिटून बसलेला हळदीकुंकू किंवा बिबळ्या कडवा मावतो. बिबळ्या कडव्याच्या अळ्या रुईवर असतात, लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावर दुसरी फुलपाखरं अंडी घालतात. ही झाडं आवारात असतील तर मागे धावायची गरज नाही. गार सकाळी फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात, तेव्हा खाली वाकून, सावली अंगावर पडू न देता हळू पुढे सरका. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखाला समांतर धरा, म्हणजे डोळ्यापासून पंखाच्या टोकापर्यंत सगळं एका पातळीत येतं.

प्रश्न : ब्रह्मकमळ उमलतानाचा व्हिडिओ करायचा आहे. मागच्या वर्षी अर्ध्या वाटेत फूल चौकटीबाहेर गेलं. (वाचिका, शहापूर)

उत्तर : आपल्या कुंडीतलं ब्रह्मकमळ हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ अगदी वेगळं. ज्याला आपण पान म्हणतो ते खोडच असतं आणि कळी त्याच्या कडेतून फुटते. सुरुवातीला ती खाली लोंबते. उमलायच्या दिवशी तिची मान वर वळलेली असते, पोट फुगतं आणि बाहेरच्या अरुंद पाकळ्या सैल होऊ लागतात. उमलताना फूल पुढे येतं आणि वितभर पसरतं. तुमचं गणित इथेच चुकलं. कळी चौकटीच्या मधोमध भरून घेऊ नका. ती चौकटीच्या एक तृतीयांशात ठेवा आणि तोंडाच्या बाजूला भरपूर मोकळी जागा सोडा.

कुंडी रात्री आठच्या आधीच वारा नसलेल्या पडवीत आणा आणि नंतर हलवू नका. एलईडी दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावून तो फुलाच्या मागे-बाजूला दोन फुटांवर ठेवा. या पाकळ्या पातळ असतात, मागून उजेड आला की आतून उजळल्यासारख्या दिसतात. समोरून फ्लॅश मारला तर पांढरी तबकडी हाती लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळं मॅन्युअल ठेवा. एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एक सेकंद इथून सुरुवात करा आणि पाकळ्या जळत नाहीत ना ते बघून वेळ कमी-जास्त करा. ऑटो फोकस बंद, नाहीतर पाकळी हलली की फोकस मागच्या भिंतीवर जाऊन बसतो. दर ३० सेकंदांना एक फोटो घेतला तर तीन तासांत ३६० फोटो होतात आणि सेकंदाला २४ या वेगाने १५ सेकंदांचा व्हिडिओ. दुप्पट लांब हवा असेल तर दर १५ सेकंदांना घ्या.

मोबाईलवर टाइमलॅप्स करणार असाल तर चार्जर लावा आणि एअरप्लेन मोड सुरू करा. मधेच फोन आला की काही मोबाईलमध्ये चित्रण थांबतं. लाईट गेली तर काय, याचाही विचार आधी करा. दिवा बॅटरीवर चालणारा असेल तर उजेड बदलत नाही. साडेआठ-नऊला सुरुवात करून मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवा. सकाळी उठून बघाल तर फूल मान टाकून लोंबत असतं.

प्रश्न : फुलांवर पाणी शिंपडून फोटो काढावेत का? (वाचक, चिक्कोडी)

उत्तर : सकाळी सातला बारीक फवाऱ्याने चार थेंब उडवले तर खपून जातं. दुपारी बाराच्या उन्हात दवबिंदू दिसले की फोटो खोटा वाटतो. त्यापेक्षा ज्या फुलाची जी वेळ, ती पाळा. प्राजक्त पहाटे, सडा कुणी वेचण्याआधी. गुलबक्षी चारनंतर. गोकर्ण सकाळच्या पहिल्या उजेडात, आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सोय) ऑटो किंवा ‘क्लाउडी’वर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवून, नाहीतर तिचा निळा रंग जांभळ्याकडे झुकतो.

प्रश्न : सकाळी फिरायला जाताना कॅमेरा न्यायचा विचार आहे. कुठे अडचण येईल? (वाचक, बेळगाव)

उत्तर : टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोची झाडी सुरुवातीला उत्तम. तिथे जुन्या झाडांच्या खोडांवरचं शेवाळ, बुरशी, पाखरं, सगळं सापडतं. कॅम्प भागात मात्र जपून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथे आहे. लष्करी आवार, फाटक, भिंत यांच्या दिशेने कॅमेरा रोखू नका, फूल कितीही सुंदर असलं तरी. सांबऱ्याच्या विमानतळाच्या आसपासही तेच. जांबोटी-कणकुंबीकडे गेलात तर रस्त्याकडेलाच भरपूर काही आहे. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. पाखराच्या घरट्याजवळ फोटोसाठी फांद्या बाजूला करणं म्हणजे पिल्लांना कावळ्याच्या स्वाधीन करणं, ते तर कधीच करू नका.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशीची जाळी धरते. तांदळाच्या डब्यात ठेवली तर? (वाचक, जांबोटी)

उत्तर : तांदूळ नको. त्याचा पिठूळ भुगा लेन्सच्या सांध्यांत जातो आणि ओल शोषायचं कामही तो नीट करत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. खूप कोरडंही नको. रंग बदलणारं नारिंगी सिलिका जेल घ्या. निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. कुठलंही जेल वाळवायला स्वयंपाकाची भांडी वापरू नका. चामड्याच्या पिशवीत लेन्स महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. भिजून आलात तर कॅमेरा लगेच डब्यात बंद करू नका. पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून मग आत ठेवा. बुरशी काचेच्या आतल्या थरात गेली असेल तर घरी उघडायचा प्रयत्न नको, दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि तोवर ती लेन्स दुसऱ्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

प्रश्न : फोटो जमले, पण नावं कशी शोधायची? आम्ही जास्वंद म्हणतो, शेजारी कन्नडमध्ये दासवाळ म्हणतात. (वाचिका, कागवाड)

उत्तर : दोन्ही लिहा, आपल्या भागात ती सोयच आहे. जास्वंद-दासवाळ, अबोली-कनकांबर अशी जोडनावं फाईलला दिलीत तर गल्लीतल्या कुणालाही तो फोटो सापडतो. शास्त्रीय नाव कळलं की तिसरं म्हणून जोडा. जाणकाराला ओळख पटवायची तर एक सुंदर फोटो पुरत नाही. फूल समोरून, फूल बाजूने म्हणजे देठ आणि हिरवा पेला दिसेल असं, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू आणि पूर्ण झाड असे पाच फोटो घ्या. एका फोटोत फुलाशेजारी पट्टी ठेवा. सोबत तारीख, गाव आणि जमीन कुठली ते लिहा, म्हणजे बांध, माळ, ओढ्याची कड की कुंडी. आणि हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आठवड्याने पिवळ्या रानफुलांचे पन्नास फोटो समोर आले की कुठलं कुठे फुललं होतं ते आठवत नाही.