अर्धवट किट कार पूर्ण करताना : वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या कोणी सुरू करून अर्ध्यावर सोडलेली किट कार (सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडायची गाडी) विकत घेणाऱ्यांची पत्रे सतत येत असतात आणि बहुतेकांचा समज एकच असतो : जेवढे जोडलेले आहे तेवढे झालेले आहे, आपण फक्त पुढचे करायचे. हा समज धोकादायक असल्यामुळे त्यांतील काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : विक्रेता गाडी ‘नव्वद टक्के पूर्ण’ असल्याचे सांगतो. उरलेले काम लवकर संपेल का?

उत्तर : नाही. चासीवर इंजिन, चाके आणि बॉडी चढली की गाडी पूर्ण झाल्यासारखी दिसते, आणि जाहिरातीतला फोटो नेमका याच टप्प्यावर काढलेला असतो; वायरिंग, ब्रेक, इंधनाच्या नळ्या, काचा आणि दारांची जुळणी ही वेळखाऊ कामे त्यानंतरची असतात. मिळणारे सुटे भाग किटच्या मूळ यादीशी ताडून पाहा. चासी नंबर, किटचे बिल आणि ज्या गाडीचे इंजिन वापरले आहे तिची कागदपत्रे हाती येत नसतील, तर वाहननोंदणी कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : टायर बसवून ठेवलेले आहेत, पण एकदाही रस्त्यावर धावलेले नाहीत. ते नवेच मानायचे ना?

उत्तर : टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड पाहा (२३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा), दहा वर्षे उलटली असतील तर नक्षी कितीही कोरी दिसो, टायर बदला.

प्रश्न : ब्रेकचे सगळे पाइप आधीच्या मालकाने बसवले आहेत आणि गळती कुठेही दिसत नाही. नवे ब्रेक ऑइल भरून हवा काढली की पुरे का? सांधा पाझरलाच तर टेफ्लॉन टेप गुंडाळावी, असे एका मित्राने सुचवले आहे.

उत्तर : पुरे नाही, आणि ती टेप ब्रेकच्या जवळही नेऊ नका. ब्रेकच्या पाइपाचा सांधा आट्यांमुळे बंद होत नाही. पाइपाचे फुलवलेले तोंड धातूच्या बैठकीवर घट्ट दाबले गेल्यामुळे तो बंद होतो. टेपमुळे त्यात काहीही सुधारणा होत नाही, उलट तिचे तुकडे आत जाऊन मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाची) बारीक छिद्रे बुजवू शकतात. गळती दिसत नाही, कारण त्या पाइपांवर खरा दाब कधी आलेलाच नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर तो १०० बारच्या घरात जाऊ शकतो.

किट कारमध्ये एक विशेष धोका असतो. मास्टर सिलिंडर एका गाडीचा, कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारे भाग) दुसरीचे आणि पाइप तिसऱ्याच दुकानातले, अशी जुळणी झालेली असल्यामुळे १० मिलिमीटरचे मेट्रिक आटे आणि ३/८ इंची आटे एकमेकांत गेलेले आढळतात. इंची नट मेट्रिक छिद्रात थोडा सैल बसतो, पण बसतो, आणि ऐन दाबाच्या वेळी निसटतो. म्हणून प्रत्येक सांधा उघडा, आटे गेजने मोजा, पाइपाच्या तोंडाचा आकार समोरच्या बैठकीशी जुळतो का ते पाहा. पाइप शुद्ध तांब्याचे असतील तर काढून टाका, कारण हादऱ्यांनी तांबे कडक होत जाते आणि त्याला चीर पडते. तांबे व निकेलच्या मिश्रधातूचे किंवा पोलादाचे पाइप घाला. रबरी होज तपासताना स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवा आणि सस्पेंशन पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन तो कुठे ताणला किंवा घासला जात नाही याची खात्री करा.

नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तो १५५ अंशांवर येतो. शिवाय त्याच पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. त्यामुळे जुने सील बदलावेच लागतील. ‘सगळ्यांत भारी’ म्हणून गळ्यात मारले जाणारे सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नका. एवढे झाल्यावर, गाडी अंगणाबाहेर काढण्यापूर्वी, ब्रेकचे काम रोज करणाऱ्या मेकॅनिककडून प्रत्येक सांधा तपासून घ्या. या एका बाबतीत व्हिडिओवरून शिकून भागत नाही.

प्रश्न : सस्पेंशनच्या बुशचे (सांध्यातल्या नळीसारख्या अस्तराचे) बोल्ट गाडी स्टँडवर असतानाच पूर्ण कसावेत का?

उत्तर : बुश रबरी असतील तर नाही, गाडीचा भार चाकांवर आल्यावर कसा, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.

प्रश्न : बॉडी फायबरची आहे. दिवे मंद लागतात आणि स्टार्टर मारताना अॅक्सिलरेटरची केबल गरम होते.

उत्तर : स्टार्टर ताबडतोब थांबवा. इंजिन आणि चासी यांच्यामधली जाड अर्थिंगची पट्टी नसल्यामुळे स्टार्टरचा प्रवाह त्या केबलमधून परतत असावा. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्यालाही अर्थिंगची स्वतंत्र वायर हवी. जोडणी ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

प्रश्न : तपासणी अधिकाऱ्याला गाडी पूर्ण झाल्यावरच दाखवावी का?

उत्तर : आत्ताच भेटा. सीट बेल्टचे आधार आणि दिव्यांची उंची बॉडी कायमची बसवल्यानंतर बदलणे फार जड जाते.