टॉन्सिलच्या कॅन्सरची रोबोटिक शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला. वडिलांचं दुखणं वाढतंय आणि ते पाणीही गिळत नाहीत. काय करावं?

माझी गाठ जिभेच्या मुळाशी होती, शस्त्रक्रिया हीच. डॉक्टर नाही, पेशंट म्हणून सांगते.

आठवड्याच्या सुमारास दुखणं वाढणं हे या ऑपरेशनमध्ये बऱ्याच जणांना होतं. तोंडातूनच काम होतं, पण आतली जखम बहुतेक वेळा टाके न घालता उघडीच ठेवतात आणि ती आपली आपण भरत येते. तिच्यावर पांढरट-पिवळा थर धरतो. टॉर्च मारून बघितलं की घरचे घाबरतात, पू झाला म्हणतात; बहुधा तो पू नसतो. कानात ठणका लागला तरी बहुधा कान बिघडलेला नसतो. घशाच्या आणि कानाच्या संवेदना काही अंशी एकाच नसेतून जातात.

तो थर सुटू लागतो तेव्हा रक्तस्रावाची भीती असते, साधारण पहिले 2 आठवडे. तोंडातून लाल ताजं रक्त किंवा गुठळ्या आल्या तर त्यांना आडवं करू नका. पुढे वाकवून बसवा, रक्त गिळू न देता थुंकायला सांगा आणि तडक इमर्जन्सीत न्या. थांबलं तरी न्या.

आता मुख्य गोष्ट. दुखलं की औषध, असं करू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध घड्याळ लावून द्या, रात्रीचा डोसही. शक्यतो पातळ औषध मागून घ्या. मी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास डोस घ्यायचे, तेवढ्या वेळात चार घास उतरायचे. ट्रामाडॉलसारखं काही चालू असेल तर बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होतो, त्याचं औषध आधीच विचारा. दोन वेगळ्या नावांच्या औषधांत पॅरासिटामॉल असू शकतं, तेही तपासा. घरातली दुसरी वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका.

खाण्यात मिरची, लिंबू, टोमॅटो, आंबट ताक बंद. कोमट किंवा गार खिमट, तूप घातलेली पेज, गाळलेलं वरण, नाचणीचं सत्त्व. आणि एक गंमत: पाणी सोपं वाटतं, पण पातळ पदार्थ पटकन घसरतो आणि ठसका लागतो. घट्टसर पेज अनेकांना जास्त सोपी जाते. पण ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टना जरूर दाखवा. हनुवटी खाली घेऊन गिळायचं की आणखी कसं, ते तपासून तेच सांगतील. तोवर ताठ बसवून, लहान घास, मध्ये घाई नाही. "खा हो, ताकद येईल" म्हणणाऱ्या पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत चहा द्या.

खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला, वारंवार ठसका लागला किंवा ताप आला, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. तोंडाने देणं थांबवून लगेच फोन करा. पाणीच जात नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर आजच हॉस्पिटलला कळवा. नाकातून नळी घालायची वेळ आली तर वडिलांना समजवा की ती बहुधा थोड्या दिवसांची असते. नळी असली तरी थेरपिस्टनी परवानगी दिली तर गिळण्याचा सराव चालू ठेवायचा, कारण न वापरलेले स्नायू आखडतात.

पुढे किरणोपचार ठरले असतील तर ते ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांच्या आत सुरू करायचा प्रयत्न असतो. दातांची तपासणी त्याआधी उरकून घ्या, आणि वजन दर आठवड्याला लिहून ठेवा.